दहा सेकंदांच्या आत

१

रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला झांडवेलच्या अणुवीज केंद्राची बाहेरून येणारी वीज गेली आणि दोन नंबरच्या इंजिनाने सगळ्या केंद्राचं नाक कापलं.

वादळ सरोवरावरून आलं होतं. ऑक्टोबरात मिशिगन सरोवराच्या अंगात कधी येईल याचा नेम नसतो. विजेच्या तारा तुटल्या, अणुभट्टी आपोआप बंद झाली, इथवर सगळं ठरल्याबरहुकूम. पण भट्टी बंद झाली म्हणून तिची धग जात नाही. तिच्यावर पाणी फिरत ठेवावं लागतं, पाण्याला पंप लागतात आणि पंपांना वीज. त्यासाठी केंद्राच्या मागच्या अंगाला दोन डिझेल इंजिनं बसवलेली होती, एकेक लहानशा घराएवढं. बाहेरची वीज गेली की दहा सेकंदांच्या आत त्यांनी वीज द्यायची, असा दंडक. एक नंबरने आठ सेकंदांत दिली. दोन नंबरला तेरा लागले. एकावर भागलं, कुणाला इजा झाली नाही, हे नशीब.

सरकारी निरीक्षक लोइस टॅकेटला फोन आला तेव्हा ती दोरीवरून घाईघाईने ओढून आणलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. रविवारी कपडे वाळत घालणारी गावात ती एकटीच. समोरच्या मिसेस डेबूर पडद्याआडून हा प्रकार दर रविवारी नव्याने बघायच्या. लोइसने घड्या अर्ध्यावर टाकल्या आणि गाडी काढली.

दोन नंबरची चाचणी दर एकतीस दिवसांनी, सकाळी दहाला व्हायची. लागोपाठ एकवीस चाचण्या ते पास झालं होतं, आणि एकवीसही कागदांवर लोइसची सही होती. एकवीस वेळा शहाण्यासारखं वागलेलं इंजिन नेमकं गरजेच्या दिवशी अडलं. कुठेतरी कुणीतरी आपल्याला मूर्ख बनवलंय, असं तिच्या मनाने घेतलं आणि ते काही केल्या जाईना.

सोमवारी सकाळी ती केंद्राचा व्यवस्थापक रॉय हॅमरस्ट्रॉमच्या खोलीत गेली, तर तो चक्क खुशीत होता.

"माणूस सापडला," रॉय म्हणाला. "डॅरेल पूल. रविवारी दुपारी दोनला इंजिनखोलीत फेरी त्याची होती. इंजिन सुरू करायला हवेचा दाब लागतो. त्या हवेच्या टाकीतलं पाणी काढायचं काम त्याचं. ते करताना मुख्य झडप अर्धवट बंद ठेवली पठ्ठ्याने. हवा कमी, इंजिन आळशी. झालं."

"झडप अर्धवट बंद होती हे कुणी बघितलं?"

"बघायला काय लागतं? त्याच्यानंतर आत कुणी गेलंच नाही."

"म्हणजे कुणी बघितलं नाही."

रॉयने हात पसरले. "लोइस, तीन दिवसांत इंजिन धडधाकट आहे हे मला दाखवायचंय. बुधवारी बाविसावी चाचणी आहेच. गेरिट आहे, इंजिन पास होणार. तो घरी कुणाशी बोलत नसेल तेवढा त्या इंजिनाशी बोलतो, म्हणून ते त्याचं ऐकतं. बुधवारी दुपारी डॅरेलच्या हातात कागद, आणि संध्याकाळी भट्टी सुरू. तू मध्ये काड्या घालू नकोस."

लोइसला काड्या घालायची सवयच होती. सरकार तिला पगार त्याचाच देत होतं.

२

डॅरेल पूल गाडीतळावर आपल्या ट्रकमध्ये बसून होता. त्याला आत येऊ देत नव्हते आणि घरी जायला त्याचं मन धजत नव्हतं. पस्तिशीचा गडी, सहा वर्षं नौदलात पाणबुडीवर काढलेला, घरी दोन मुली.

"बाई, झडप मी पूर्ण उघडी ठेवली," तो म्हणाला. "चाक उलटं फिरवून पाहिलं, मग अर्धा आटा मागे घेतला. पाणबुडीवर हे चुकवलं तर पोटभर शिव्या खाव्या लागतात. झोपेतसुद्धा चुकणार नाही."

"दुसरं काही वेगळं दिसलं?"

"काही नाही. खरं सांगू? काही दिसलं असतं तर बरं झालं असतं. आता माझ्याकडे सांगायला फक्त 'मी नाही केलं' एवढंच आहे. ते तर सगळेच म्हणतात."

"बुधवारपर्यंत थांब," लोइस म्हणाली.

"बुधवारनंतर या धंद्यात मला कुठेच कुणी उभं करणार नाही," डॅरेल म्हणाला, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

तिथून ती जोॲन कुपर्सकडे गेली. जोॲन चाचण्यांची इंजिनीयर. एकवीसच्या एकवीस चाचण्या तिने स्वतः उभं राहून घेतलेल्या. तिची वही आरशासारखी स्वच्छ होती. तारीख, सेकंद, सही. सात पूर्णांक दोन, सात पूर्णांक चार, सात पूर्णांक तीन. लोइस बोट फिरवत गेली आणि तीन ठिकाणी बोट अडलं.

"हे काय? नऊ-एक. नऊ-सहा. आणि मागच्या महिन्यात नऊ-नऊ?"

"दहाच्या आत म्हणजे पास," जोॲन म्हणाली. "तू स्वतःच सह्या केल्यास."

ते खरंच होतं आणि लोइसला झोंबलं. "बाकी सगळे साताच्या घरात, आणि हे तीन नवाच्या. असं का?"

"थंडी असेल. गार इंजिन जड चालतं."

"पहिली तारीख एकोणीस जुलै आहे, जोॲन."

जोॲनने वही ओढून घेतली, तारखा बघितल्या. मग हळूच म्हणाली, "आकडे मी बदललेले नाहीत. तुला तसं वाटत असेल तर तोंडावर बोल."

"बदलायचे असते तर तू हे तीन बदलले असतेस," लोइस म्हणाली. "हे कुणीच बदललेले नाहीत. मला बाकीच्या अठरांचा संशय येतोय."

जोॲनला काही कळलं नाही. लोइसलासुद्धा, बोलून गेल्यावर, अर्धंच कळलं होतं.

३

गेरिट झ्विअर्स कार्यशाळेत पवनचक्कीच्या आकाराची बिस्किटं कॉफीत बुडवून खात होता. वय एकसष्ट. अर्धी हयात सरोवरावरच्या बोटींवर इंजिनं सांभाळण्यात गेलेली, उरलेली इथे. विजारीच्या मागच्या खिशातून फडकं लोंबत होतं आणि त्याला रॉकेलचा वास येत होता. कारागिराला रॉकेलचा नाही तर कसला वास येणार, म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

"घ्या बिस्कीट," तो म्हणाला. "सरकारला चालतं ना? लाच नाही ही."

"चाचणीच्या आधी तुमचं काम काय असतं?"

"पहार लावून इंजिन हाताने एक फेरा फिरवायचं, तोट्या उघडून आत पाणी साचलं नाही ना बघायचं, तोट्या लावायच्या, बाहेर यायचं. नियमात लिहिलंय तेवढंच."

"एकटेच जाता?"

"दुसरा कशाला हवा? उगीच बडबडतो."

"रविवारच्या घटनेबद्दल काय वाटतं?"

"मी रविवारी नसतो," गेरिट म्हणाला. "शनिवारी येतो. जास्तीचे पैसे घेत नाही, बायको गेल्यापासून घरी करायचं काय? पण रविवारी नाही." त्याने कप उचलला आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "पूलचं काय करणार?"

"काढतील."

गेरिटने कॉफी संपवली, कप धुतला, पुसला आणि नीट पालथा ठेवला. एवढा वेळ एका कपाला लागत नाही, हे लोइसच्या ध्यानात आलं. का लागला, ते मात्र आलं नाही.

मंगळवारी सकाळी ती घरून निघताना मिसेस डेबूर वाटाण्याच्या सुपाचं भांडं घेऊन दारात उभ्या.

"वादळाने तुमचे कपडे भिजले म्हणे," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर काळजी होती, पण तिच्याखाली समाधानही लपत नव्हतं. "आमच्याकडे रविवार देवाचा, त्या दिवशी दोरी बांधत नाहीत. मी सांगणार नव्हते, पण आता वादळानेच सांगितलं."

"बाहेरची वीज माझ्या टॉवेलांमुळे गेली म्हणता?"

"मी तसं कुठे म्हटलं? पण माझ्या सासऱ्यांनी रविवारी गाडीच्या चाकात हवासुद्धा भरली नाही कधी. शनिवारी रात्री बारापर्यंत हातोडा चालायचा, आणि मग बंद."

लोइस हसली. भांडं घेतलं, आभार मानले आणि आत येऊन ते ओट्यावर ठेवता ठेवता थबकली.

एकतीस दिवस. चार आठवडे आणि वर तीन दिवस. म्हणजे चाचणीचा वार दर वेळी तीन दिवसांनी पुढे सरकतो. बुधवार, शनिवार, मंगळवार, शुक्रवार, सोमवार, गुरुवार, आणि सातवी...

भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं. तिने वहीतून उतरवलेल्या तारखा काढल्या. एकोणीस जुलै. ती मागच्या वर्षीची, म्हणून ते कॅलेंडर खणातून शोधून काढलं. बाकीच्या दोन भिंतीवरच सापडल्या. एकवीस फेब्रुवारी. पंचवीस सप्टेंबर. तिन्ही तारखा लाल रंगात छापलेल्या होत्या.

४

केंद्रात पोचल्यावर लोइसने दोनच कामं केली. पहिलं, पाळ्यांची नोंदवही बघितली. डॅरेल एकवीसपैकी सहा चाचण्यांच्या वेळी कामावर होता, आणि त्या तीन रविवारांपैकी फक्त एकाला. दुसरं, दोन नंबरच्या दुरुस्तीची फाइल मागवली. त्यात गेरिटचे दोन अर्ज निघाले, एक दीड वर्षापूर्वीचा, एक गेल्या मार्चचा. इंधन सोडणारी दांडी आणि तिच्या खोबण्या झिजल्या आहेत, तेल गोठून दांडी चिकटते, बदलून मिळावी. दोन्हींवर जोॲनची सही आणि रॉयचा शिक्का: चाचण्यांचे निकाल समाधानकारक, बदलण्याची गरज नाही.

तिने ते दोनदा वाचलं. तिला हसू आलं आणि पाठोपाठ रागही आला.

गेरिट कार्यशाळेत एकटाच होता. लोइस समोरच्या खोक्यावर बसली.

"मी एक गोष्ट सांगते. चुकलं तिथे थांबवा," ती म्हणाली. "दोन नंबरच्या इंजिनाला चाचणीआधी कुणीतरी मदत करतं. मदत झाली की सात सेकंद, नाही झाली की नऊ. मदत फक्त रविवारी होत नाही. आता असा कोण? जोॲन नाही, ती रविवारीही इथेच असते. डॅरेल नाही, त्याच्या पाळीचा आणि आकड्यांचा मेळ बसत नाही. रॉय शनिवार-रविवार फिरकतच नाही, आणि शनिवारच्या तिन्ही चाचण्या सात सेकंदांच्या आहेत. म्हणजे शनिवारी येणारा, पण रविवारी काही झालं तरी न येणारा माणूस. आणि चाचणीच्या आधी खोलीत एकटा जाणारा."

गेरिटने थांबवलं नाही.

"रविवारी दुसरा कारागीर जातो. तो नियमात लिहिलंय तेवढंच करतो. तुम्ही पहार ठेवल्यावर रॉकेलच्या फडक्याने ती दांडी पुसता आणि हाताने चार वेळा हलवता. मागची चाचणी रविवारी झाली. म्हणजे वादळाच्या दिवशी दांडीला रॉकेल लागून एकोणसाठ दिवस झाले होते. म्हणून तेरा सेकंद."



"बोटीवर," गेरिट म्हणाला, "कोरडं इंजिन कुणी सुरू केलं तर कप्तान कानफटात मारायचा. तुम्ही थंडीत गाडी काढताना दोन मिनिटं थांबत नाही?"

"थांबते. पण वीज जाताना ती दोन मिनिटं आधी कळवत नाही."

"मी दांडी मागितली होती."

"फाइल बघितली. चाचण्या चांगल्या म्हणून त्यांनी दिली नाही, आणि तुम्ही चाचण्या चांगल्या करत राहिलात. गेरिट, एकवीस कागदांवर माझी सही आहे. इंजिन ठीक आहे समजून मी घरी जाऊन झोपत होते. इथल्या सगळ्या गावाला तुम्ही झोपवलंत."

त्याचा चेहरा पडला. इंजिनाचं भलं करतोय याखेरीज दुसरा विचार त्याच्या मनाला कधी शिवलाच नसावा.

"रविवारी काय करायचात?" तिने विचारलं.

"चर्चमध्ये बसायचो. दहा वाजले की पास्टर काय बोलतो ते ऐकू यायचं नाही. मनात इंजिन मोजायचो."

"आणि डॅरेल?"

तो उठला आणि पाने जागच्या जागी लावायला लागला.

"सोमवारपासून तुम्ही दांडीला हात लावलाय का, एवढंच सांगा."

"बाई," गेरिट पाठमोराच म्हणाला, "उद्या चाचणी आहे ना? उद्या बघा."

५

बुधवारी पावणेदहाला इंजिनखोलीच्या दारात पाच जण उभे होते. लोइसने रॉयकडून आदल्या संध्याकाळीच कबूल करून घेतलं होतं. हवेची झडप पूर्ण उघडी आहे हे जोॲनने तपासायचं, कळ डॅरेलने दाबायची. इंजिन दहाच्या आत आलं तर झडपेचा दोष खरा आणि डॅरेल दोषी. नाही आलं तर दोष इंजिनाचा. रॉय लगेच तयार झाला होता. त्याला पास होण्याची इतकी खात्री होती की लोइसलाच आपल्या हिशेबाची शंका यायला लागली.

कारण सोमवारी गेरिटने दांडी पुसली असेल तर सगळं संपलं. अडलेल्या इंजिनाकडे तो धावला नसेल, असं कुणी म्हणावं? मग आज सात सेकंद, तिचा हिशेब कागदावरच, आणि डॅरेल दुपारी फाटकाबाहेर. गेरिट कबूल झालेला नव्हता. तिच्याकडे तीन लाल तारखा होत्या आणि बाकी सगळा तर्क.

जोॲन झडप बघून आली. "पूर्ण उघडी."

गेरिट पहार घेऊन आत गेला. लोइस दारातच उभी राहिली. काहीही झालं तरी आपण तोंड उघडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

त्याने पहार लावली, इंजिन एक फेरा फिरवलं. तोट्या उघडल्या, बघितलं, लावल्या. पहार भिंतीला टेकवली. मग त्याचा उजवा हात सवयीने मागच्या खिशाकडे गेला आणि फडकं बाहेर आलं. दांडी त्याच्या छातीच्या उंचीवर होती, चिकट, पिवळट. हात तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबला. गेरिटने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. अडलेल्या गाईकडे बघावं तसं बघत राहिला. त्याने फडकं परत खिशात कोंबलं, दोन्ही हात समोरच्या खिशांत घातले आणि बाहेर आला.

"पाणी नाही," तो जोॲनला म्हणाला. "घ्या चाचणी."

डॅरेलने कळ दाबली. हवेचा फूत्कार झाला, जमीन थरथरली. जोॲन घड्याळ धरून मोजू लागली. पाच. सहा. सात. रॉय हसत होता. आठ. नऊ. त्याचं हसू विरलं. दहा. इंजिन घुमत होतं, पण वेग धरत नव्हतं. अकरा. बारा. तेरा. चौदाव्या सेकंदाला दिवा लागला.

डॅरेल कळीवरून हात काढायचाच विसरला होता.

"पुन्हा घेऊ," रॉय म्हणाला. "आता गरम झालंय, येईल दहाच्या आत."

"पहिलीच धरायची," लोइस म्हणाली. "वादळ काही तुला पुन्हा एकदा म्हणून देणार नाही. भट्टी आज सुरू होत नाही. दांडी बदल, खोबण्या बदल, मग मला बोलाव. आणि डॅरेलचा तो कागद माझ्यासमोर फाड."

रॉय लाल झाला, पण वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. "ठीक आहे. यंत्राचा दोष," तो पुटपुटला. "लिहून टाकू. झिजली दांडी, झालं."

"तेवढंच नाही, साहेब," गेरिट म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं, आवाज न चढवता. अठरा वेळा मी दांडी पुसली, हलवली. नियमात नाही, तरी केली. कुणी सांगितलं नव्हतं. जोॲनने तोंडावर हात ठेवला. तिला आपल्या दोन सह्या आठवल्या असाव्यात. लोइसनेही आपल्या एकवीस आठवल्या. त्या अहवालात लिहायच्या, असं तिने तिथेच ठरवलं.

रॉयने गेरिटचा ओळखबिल्ला मागितला. गेरिटने तो काढून दिला.

सगळे पांगल्यावर डॅरेल त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. लोइसला वाटलं, हा आता हात उगारणार. पण डॅरेल साध्या आवाजात बोलला.

"रविवार तुम्ही देवासाठी पाळलात, गेरिट. सोमवार आणि मंगळवार कोणासाठी गप्प बसलात?"

गेरिट जमिनीकडे बघत राहिला. "माझ्यासाठी," तो म्हणाला. "नोकरीसाठी, नावासाठी. दुसरं काही नाही."

"काल माझ्या थोरलीला शाळेत विचारलं, तुझा बाप आपल्याला जाळून मारणार होता ना म्हणून. ती जेवली नाही." डॅरेल म्हणाला. "मी तिला सांगितलं, मी नाही केलं. बापाचं म्हणून तिने ऐकून घेतलं. तुम्ही येऊन सांगा."

"कधी येऊ?"

"आत्ता. मधल्या सुट्टीत भेटवतो."

गेरिटने खुंटीवरची टोपी घेतली. अंगावर कामाचे कपडे तसेच होते, हात तेलकट होते, आणि ते धुवायलाही तो थांबला नाही. डॅरेल पुढे आणि तो मागे, असे दोघं गाडीतळाकडे चालू लागले.